दोन सिस्टर, साठ पेशंट

ड्युटीवर आम्ही पाणी पीत नाही. तसा नियम कुणी काढलेला नाही. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक जण तो आपापला शिकतो. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, लघवीला जायचं तर वॉर्ड कुणाच्या तरी भरवशावर सोडावा लागतो, आणि ते ‘कुणी तरी’ नेमकं त्या वेळी सलाईन लावत असतं, नाहीतर रक्ताच्या पिशवीसाठी ब्लड बँकेत गेलेलं असतं. स्टाफचं बाथरूम कॉरिडॉरच्या पार टोकाला. पेशंटांचं जवळ आहे, पण त्याची अवस्था आम्हालाच ठाऊक. मग सगळ्यात सोपा उपाय उरतो, तो कमी पिण्याचा. तोही मराठवाड्यातल्या मे महिन्यात, कूलर बंद पडलेल्या वॉर्डात.

गंमत अशी, की त्याच वेळी खाटेवरच्या बाईच्या पोटात किती मिलिलिटर पाणी गेलं आणि युरोबॅगमध्ये किती उतरलं, हे आम्ही चार्टवर नेमानं लिहीत असतो. चोवीस तासांत लघवी चारशेच्या खाली आली की डॉक्टरांना उठवतो. आमचा स्वतःचा इनटेक-आउटपुट कुणी मांडला, तर राउंडवरचे डॉक्टर आम्हालाच अ‍ॅडमिट करून घेतील. लघवीची जळजळ हा आमच्यातला पहिला आजार. त्यानंतर मुतखडा. त्याची चर्चा आम्ही इतर बायका भाजीच्या भावाची करतात त्या सुरात करतो.

मी एका जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले, आता परिसेविका आहे. म्हणजे वॉर्डाची इनचार्ज. कामाचा ताण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कपाळाला हात लावून बसलेली बाई येते. आमच्याकडे ताण कपाळाच्या बराच खाली राहतो. मूत्राशयात, कमरेत, पोटऱ्यांत, टाचांत. तो तिथे कसा पोचतो, हे मला सांगायचं आहे.

माझी बहुतेक नोकरी स्त्री मेडिसिन वॉर्डात गेली. लकवा मारलेल्या म्हाताऱ्या, साखर वाढून बेशुद्ध झालेल्या बायका, टीबी, काविळी, पावसाळ्यात सर्पदंश आणि बाराही महिने विषबाधा. वॉर्डात चाळीस खाटा. पेशंट मात्र साठच्या आसपास, कारण सरकारी दवाखाना कुणाला परत पाठवत नाही. उरलेल्यांना दोन खाटांच्या मधल्या जागेत आणि व्हरांड्यात गादी टाकून घेतात. आम्ही त्यांना ‘फ्लोअर’ म्हणतो. ‘फ्लोअर तीन’ला सलाईन, ‘फ्लोअर सात’ला इन्शुलिन.

भारतीय परिचर्या परिषदेचे निकष आम्ही शिकत असतानाच पाठ केले होते. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डाला तीन खाटांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक, अतिदक्षता विभागात खाटेमागे एक. शिवाय रजेसाठी म्हणून तीस टक्के जास्तीची पदं. साध्या वॉर्डाचा हा आकडा एकूण नेमणुकीचा. तीन पाळ्यांत वाटला की आमच्यासारख्या ठिकाणी पंधरा खाटांमागे एक सिस्टर येते. चाळीस खाटांना जवळजवळ तीन. प्रत्यक्षात रात्री असतात दोन, आणि एखादी आजारी पडली की एक. शिवाय हे निकष खाटा मोजतात, माणसं मोजत नाहीत. फ्लोअरवरची वीस माणसं कुठल्याच हिशोबात नाहीत. त्यांना ताप येतो, उलट्या होतात, त्यांच्या सुया निघतात, पण कागदावर ती खाटा नसल्यामुळे त्यांच्यासाठी हातही नसतात.

एकदा मी नाईटचा हिशोब मांडून बघितला. रात्री आठ ते सकाळी आठ, बारा तास; दोघींचे मिळून चोवीस. स्वतःहून कूस बदलू न शकणारे पेशंट समजा आठ. दर दोन तासांनी त्यांची पोझिशन बदलायची, म्हणजे रात्रीत सहा वेळा. एकूण अठ्ठेचाळीस. दर वेळी दोघी लागतात आणि पाच मिनिटं जातात. झाले आठ तास. साठ जणींचं टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन, बीपी रात्री एकदा आणि पहाटे एकदा, प्रत्येकी तीन मिनिटं. सहा तास. औषधं-इंजेक्शनांच्या दोन फेऱ्या, तेवढाच वेळ. आणखी सहा. हे झाले वीस. उरले चार तास, म्हणजे एकीच्या वाट्याला दोन. त्यात नवीन अ‍ॅडमिशन, सलाईन बदलणं, पहाटेची ब्लड सॅम्पलं, युरोबॅगा रिकाम्या करून टोटल लावणं, ऑक्सिजनचं सिलिंडर, नातेवाइकांचे प्रश्न, रिपोर्ट बुक, कुणी गेलं तर बॉडीचं पॅकिंग आणि कागदपत्रं. जेवण या यादीत मी धरलेलं नाही.

आणि रात्र अशी हिशोबानं चालत नाही. सोयाबीनवर फवारायचं औषध प्यायलेली एखादी सून अकरा वाजता येते. तिला अ‍ॅट्रोपीन द्यायचं असतं, सुरुवातीला दर पाच-दहा मिनिटांनी. दर वेळी टॉर्च मारून बुबुळं बघायची, पल्स मोजायचा, तोंडातून फेस किती येतो ते बघून सक्शन करायचं, छातीत घरघर आहे का ऐकायचं. कमी पडलं तर ती तिच्याच लाळेत बुडेल. जास्त झालं तर बरळायला लागेल, सलाईन उपटून काढेल. तिथे उभ्या असलेल्या सिस्टरला हलता येत नाही. म्हणजे उरलेल्या एकोणसाठ जणींना एकच सिस्टर. तेवढ्यात कॅज्युअल्टीतून सर्पदंश वर येतो. त्याचं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं की नाही ते बघायचं. घड्याळात वीस मिनिटं झाली की नळी तिरपी करायला कुणीतरी तिथे हवं. दोन घड्याळं, दोन खाटा, आणि मधून कुणाची तरी आई ओरडते, “सिस्टर, सलाईन संपली!”

अशा वेळी शरीर काय करतं? काहीच कळू देत नाही. भूक जाते, लघवीची भावना जाते, पाय दुखायचे थांबतात. नवीन मुलींना वाटतं, आपल्याला जमतंय. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाली, चेंजिंग रूममध्ये चप्पल बदलायला वाकलं, की सगळं एकदम परत येतं. पोटऱ्यांत गोळे येतात, हात थरथरतात, डबा उघडला तर घास जात नाही. तो चुकवलेला हिशोब शरीर घरी जाऊन वसूल करतं.

कमरेबद्दल वेगळं लिहायला हवं. पेशंट वळवणं हे काम बघणाऱ्याला किरकोळ वाटतं. सत्तर किलोची, अर्धं अंग गेलेली बाई; ती मदत करू शकत नाही, उलट घाबरून आपला गळा नाहीतर दंड धरते. ड्रॉशीट दोन्ही बाजूंनी गुंडाळून घ्यायची, एक-दोन-तीन म्हणून आपल्याकडे ओढायचं, पाठीखाली उशी सरकवायची, टाचा हवेत ठेवायच्या, चादरीची सुरकुती काढायची. दोघी असतील तर कमरेला निभतं. मदतनीस मावशी रजेवर आणि दुसरी सिस्टर विषबाधेपाशी, मग एकटीनंच ओढायचं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या अभ्यासकांनी माणूस हातानं उचलण्याची सुरक्षित मर्यादा पस्तीस पौंड धरली आहे, म्हणजे साधारण सोळा किलो. सोळा किलोचा पेशंट आमच्याकडे बालरोग विभागात असतो. फ्लोअर पेशंटची तर आणखी वेगळी कथा. त्याच्यासाठी गुडघ्यावर बसून, वाकून, मान वाकडी करून शीर शोधायची. असं पंधरा-वीस वेळा उठलं-बसलं की कंबर आधी सांगते, मग ओरडते, मग एमआरआयच्या रिपोर्टात ‘एल फोर-एल फाइव्ह’ असं नाव घेऊन येते.

पाठीला जखम होऊ न देणं ही परिचर्येतली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात न दिसणारी गोष्ट आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याबद्दल बोलताना लोक इच्छामरणाच्या खटल्याबद्दल बोलतात. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना बेडसोर होऊ दिले गेले नाहीत, याची नोंद त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयातही झाली. ते वाचताना आमच्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे काय येतं ते सांगू? रोज, दिवसरात्र, दर दोन-तीन तासांनी त्यांना वळवणारे हात. त्यातल्या किती सिस्टर निवृत्त होताना कमरेचा पट्टा लावून घरी गेल्या असतील, ते कुणी विचारलं नाही. त्यांनाही ते विचारण्यासारखं वाटलं नसेल.

आमच्याकडे दुखण्यावर उपाय वॉर्डातच असतो. “एक डायक्लो मार गं,” असं म्हणत सिस्टर चेंजिंग रूममध्ये साडीची निरी जरा सैल करून उभी राहते. पाच मिनिटांत परत ड्युटीवर. उपाशीपोटी डायक्लोफिनॅक, त्यावर अ‍ॅसिडिटीसाठी पॅन्टॉप, रात्री जागायला दोनदा चहा, दिवसा झोपायला कधी सेट्रिझिन. पेशंटला आम्ही समजावून सांगतो, की दुखण्याच्या गोळ्या अशा मनानं घेऊ नका, किडनीवर परिणाम होतो. ऊसतोडीहून आलेली एक बाई माझ्याकडे सारखी बघत होती. मी कमरेवर हात ठेवून सरळ होत होते. म्हणाली, “बाई, तुमचीबी कंबर धरलीय व्हय? आमाला वाटलं, दवाखान्यात काम करणारीला दुखत नसतंय.” मी हसले. तिच्याशी मग मोळ्या आणि पेशंट यांत जड काय, यावर बरीच चर्चा झाली. मोळी निदान गळ्याला मिठी मारत नाही, यावर आमचं एकमत झालं.

रात्रपाळीचं दुखणं उशिरा कळतं. तरुणपणी नाईट आवडायची. राउंड नाही, ऑफिसचं कुणी नाही, आणि दिवसा घरची कामं उरकता येतात. नेमकं तेच नडतं. नाईट करून आलेली बाई घरी आहे म्हणजे मोकळी आहे, असं अख्खं घर धरून चालतं. कुकरच्या शिट्ट्या, दारावरचा भंगारवाला, गॅस सिलिंडर, शाळेतून आलेल्या मुलाचा डबा. सासूबाई समजूतदार होत्या, दार लोटून घ्यायच्या. पण पाहुणे आले की त्यांनाही वाटायचं, सुनेनं पाच मिनिटं बाहेर येऊन बसावं. झोप तुकड्यातुकड्यांनी होते. संध्याकाळी परत डबा भरायचा. पाळीच्या तारखा पुढेमागे होतात, वजन वाढतं, रात्री दोनला खाल्लेली पोळी सकाळपर्यंत छातीत बसते. माझ्या बॅचच्या बायकांत थायरॉईड, बीपी नाहीतर साखर, यांतलं काहीच नाही अशी शोधावी लागते.

यात आमचा आळस नाही, हे मला फार पुढे वाचून कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तेच कायम ठेवलं. त्यामागे जे पुरावे होते, त्यांतला मोठा भाग नर्सेसच्याच शरीरांतून आला होता. अमेरिकेत १९७६ पासून एक लाखाहून जास्त परिचारिकांच्या तब्येतीची नोंद ठेवणारा अभ्यास चालू आहे. तीस किंवा जास्त वर्षं फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त असल्याचं त्यातून २००१ मध्ये पुढे आलं. डेन्मार्कनं तर बरीच वर्षं रात्रपाळी केलेल्या आणि स्तनाचा कर्करोग झालेल्या काही स्त्रियांना कामामुळे झालेला आजार म्हणून भरपाई दिली. आमच्याकडे नाईट केल्याबद्दल काय मिळतं? नाईट ऑफ. तोही “उद्या एक सिस्टर कमी आहे, जरा अ‍ॅडजस्ट करा,” या वाक्यावर जातो.

आणि मग सुया. एका नाईटला आमच्या वॉर्डातली कंत्राटी सिस्टर, वयानं लहान, एका बरळणाऱ्या पेशंटची शीर घेत होती. हात धरायला कुणी नव्हतं. पेशंटनं हात हिसकला आणि सुई हिच्या अंगठ्यात. तिनं हातमोजा काढला, रक्ताचा ठिपका बघितला आणि नळाखाली हात धरून नुसती उभी राहिली. मी साबण दिला. अंगठा दाबून पिळायचा नाही, तोंडात घालायचा नाही, वाहत्या पाण्यात धुवायचा, हे आम्हाला तोंडपाठ असतं. पण त्या क्षणी तिला तेही सांगावं लागलं. पेशंटचं रक्त तपासायला पाठवलं. ते पॉझिटिव्ह निघालं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत, फार तर बहात्तर तासांत सुरू करायची आणि अठ्ठावीस दिवस घ्यायची. तिनं त्याच रात्री पहिली गोळी घेतली.

अशा टोचण्यातून एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास. सी प्रकारच्या काविळीची शंभरात दोनच्या आतबाहेर. बी प्रकारची लस घेतली नसेल तर तिची कितीतरी जास्त, शंभरात सहापासून तीसपर्यंत. हे आकडे मी तिला सांगितले. तिनं ते ऐकले आणि विचारलं, “सिस्टर, त्या तिघींतली मी नसेन कशावरून?” तिचं लग्न ठरलं होतं. घरी तिनं सांगितलं नाही. गोळ्यांनी मळमळायचं, उलट्या व्हायच्या, तरी ड्युटीवर यायची, कारण तिच्या ऑर्डरची मुदत अकरा महिन्यांची होती आणि आजारपणाच्या रजा नूतनीकरणाच्या वेळी कुणाच्या डोळ्यांवर येतील याची तिला धास्ती. सहा आठवड्यांनी टेस्ट, मग तीन महिन्यांनी. दोन्ही निगेटिव्ह आल्या. तोवर ती निम्मी झाली होती. त्या प्रसंगाची रजिस्टरात नोंद झाली ती ‘सुई टोचली’ एवढीच. हात धरायला दुसरी सिस्टर नव्हती म्हणून टोचली, हे लिहायला त्या फॉर्मात रकानाच नाही.

माणसांचा राग अंगावर घेणं हाही आमच्या कामाचाच भाग धरला जातो. तपासणीचं यंत्र बंद असतं, औषध बाहेरून आणावं लागतं, मोठे डॉक्टर दुसऱ्या कॉलवर असतात; या कशावरच आमचा ताबा नाही, पण समोर सापडतो तो चेहरा आमचा. पेशंट गेल्यावर एकदा तिच्या भाच्यानं ट्रॉलीवरचा किडनी ट्रे उचलून भिरकावला. माझ्या कानाजवळून गेला. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, त्याचे फलक कॅज्युअल्टीत लावलेले आहेत. पण पहाटे चारला फलक मध्ये पडत नाही. तो पोरगा नंतर भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. मी त्याला पाणी दिलं. त्यानंतर सहकारी सिस्टरनं ‘बघू तरी’ म्हणून माझं बीपी घेतलं. एकशे सत्तर-शंभर. ती काही बोलली नाही. मी बाहेर जाऊन पाचच मिनिटं बसले आणि पुढची अ‍ॅडमिशन घेतली. त्या दिवसापासून माझी बीपीची गोळी सुरू आहे असं नाही. पण ती सुरू झाली तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही.

कोविडच्या काळात आमचा फार सत्कार झाला. २२ मार्च २०२० ला थाळ्या वाजल्या, ३ मे ला हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुलं टाकली गेली. आम्ही तेव्हा पीपीई किटमध्ये होतो; एकदा घातलं की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, बाथरूम नाही, काही जणी डायपर लावून जायच्या. लोकांना ते ऐकून धक्का बसायचा. आम्हाला त्यातलं पाणी न पिणं नवीन नव्हतं. त्या दोन वर्षांत घाईघाईनं भरलेल्या कितीतरी कंत्राटी मुलींना लाट ओसरल्यावर घरी पाठवलं गेलं. मे २०२२ मध्ये बाह्यस्रोतातून भरतीच्या विरोधात राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा कालपर्यंत फुलं टाकणारेच विचारत होते, की सेवाभाव कुठे गेला?

सेवाभाव हा शब्द आमच्या बाबतीत नेहमी कुठल्यातरी मागणीच्या विरोधात वापरला जातो. आणि १२ मे ला तर हमखास. त्या दिवशी फ्लॉरेन्स नाईटिंगेलच्या तसबिरीला हार, मेणबत्त्या, शपथ, भाषणं. हातात दिवा घेऊन फिरणारी बाई सगळ्यांना माहीत असते. क्रिमियाच्या युद्धात १८५५ साली ती स्वतः तापानं मरता मरता वाचली, परत आल्यावर पुढची कितीतरी वर्षं बहुतेक वेळ अंथरुणात किंवा कोचावर होती, हे भाषणांत येत नाही. त्या अंथरुणातून तिनं काय केलं, तर आकडे जमवले. युद्धात जखमांनी किती सैनिक मेले आणि घाण पाणी, कोंदट वॉर्ड, साथी यांनी किती, याचे तक्ते १८५८ मध्ये रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले, आणि सैनिकांना मारणारी गोष्ट बहुतांशी टाळता येण्यासारखी होती हे दाखवलं. तिनं सैनिकांना मन खंबीर ठेवायला सांगितलं नाही. गटारं नीट करायला सांगितलं.

हे आठवायचं कारण, आमच्याकडे झालेली ‘ताणतणाव व्यवस्थापन’ कार्यशाळा. शहरातून वक्ते आले होते, गोड बोलायचे. मन प्रसन्न तर शरीर प्रसन्न, स्वतःसाठी वेळ काढा, पुरेसं पाणी प्या, आठ तास झोपा, ‘नाही’ म्हणायला शिका. मग म्हणाले, डोळे मिटा आणि श्वासाकडे लक्ष द्या. एसी हॉल, मऊ खुर्च्या, आणि आलेल्यांतल्या निम्म्या जणी नाईट करून थेट तिथे बसलेल्या. पाच मिनिटांत मागच्या तीन रांगा झोपल्या. वक्त्यांना वाटलं, ध्यान लागलं. ते हळू आवाजात म्हणाले, “बघा, किती शांतता आहे.” माझ्या शेजारची सिस्टर घोरायला लागली, तेव्हा त्यांचा गैरसमज दूर झाला.

त्या माणसाला मी दोष देत नाही. सांगितलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. मी स्वतः प्राणायाम करते, त्यानं बरं वाटतं. पण ‘नाही’ कुणाला म्हणायचं? फ्लोअर सातला? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला व्यक्तीचा आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था, असं म्हटलं. माझ्या अनुभवाला हे पटतं. बारा तासांत बसत नाही एवढं काम दोघींना दिलं, की उरलेलं काम कुठे जातं? ते पेशंटच्या पाठीवर जखम होऊन उमटतं, नाहीतर सिस्टरच्या शरीरात जाऊन बसतं. बहुतेक सिस्टर पहिलं होऊ देत नाहीत, म्हणून दुसरं होतं. त्याला पुढे ताण हे नाव मिळतं आणि तो सहन करायची जबाबदारीही तिचीच होते.

इनचार्ज झाल्यापासून ड्युटी लावणं माझ्या हातात आलं. पदं वाढवणं माझ्या हातात नाही, पण आहे त्यात काही करता येतं. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमानं पाळ्या पुढे सरकवल्या तर शरीराला जमवून घ्यायला जरा सोपं जातं. संध्याकाळची ड्युटी करून आलेलीला दुसऱ्या दिवशी पहाटे उठवून मॉर्निंगला बोलावणं मी बंद केलं. पेशंट वळवायच्या वेळा ठरवून त्या वेळी शेजारच्या वॉर्डातली एक सिस्टर इकडे, इकडची तिकडे, असं आम्ही दोन इनचार्जनी आपसात ठरवलं. एकटीनं ओढायचं नाही. इंडेंटमध्ये पेशंट सरकवायच्या गुळगुळीत शीट मागितल्या; दोन आल्या, पण आल्या. नाईट ऑफ कापायचा तर कारण लेखी द्या, असं म्हणायला लागले, आणि कारण लेखी द्यायचं म्हटल्यावर कापले जाणारे ऑफ कमी झाले. मधल्या वेळी स्टूलवर बसलेल्या सिस्टरला बघून कुणी अधिकारी ‘बसून काय राहिलात?’ म्हणाले, तर उत्तर मी देते.

आणखी एक गोष्ट सुरू केली. रिपोर्ट बुकात आम्ही पूर्वी पेशंटांची संख्या लिहायचो. आता दर पाळीला पहिल्या ओळीत तीन आकडे लिहायला लावते: पेशंट किती, त्यांपैकी फ्लोअरवर किती, ड्युटीवर सिस्टर किती. त्याखाली सुई टोचली, पेशंट उचलताना कंबर धरली, शिवीगाळ झाली, असं काही घडलं तर तेही त्याच पानावर. नवीन मुली आधी बिचकल्या. वरून विचारणा होईल म्हणाल्या. झाली विचारणा. मी सांगितलं, पेशंटचा आउटपुट लिहितो तसंच हे आहे, जे आहे ते लिहिलंय. रिपोर्ट बुक सरकारी दस्तऐवज आहे, ते मेट्रन ऑफिसला जातं, कुणालाही पुढे मागता येतं. अजून त्यानं एकही पद भरलेलं नाही. पण कोणत्या पाळीत दुखापती जास्त होतात हे विचारलं, तर आता मला छातीवर हात ठेवून सांगता येतं: जिथे पहिल्या ओळीतला शेवटचा आकडा एक आहे, तिथे.

पुढच्या महिन्यात परत कार्यशाळा आहे, विषय तोच. वक्त्यांसाठी मी त्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. ध्यान नंतर करू. आधी त्यांनी हे वाचावं, आणि शक्य झालं तर साहेबांनाही मोठ्यानं वाचून दाखवावं.